ठिणगी, गंज आणि दोषारोप

अमळनेर हे बाहेरच्या जगाला तत्त्वज्ञानाचे गाव म्हणून ठाऊक आहे. १९१६ साली येथे तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले, आणि पुढे १९२४ ते १९३० या वर्षांत साने गुरुजींनी येथल्या प्रताप हायस्कुलात मुलांना शिकविले. अशा गावच्या श्रोत्यांना वसंत ऋतूत संतवाङ्मय, इतिहास, राज्यघटना असे विषय ऐकण्याची सवय असते. आम्ही मात्र मोटारीच्या कॉइलबद्दल बोलणार आहोत. विषय ऐकून पुढच्या रांगेतील काही मंडळींनी एकमेकांकडे पाहिलेले आम्हांला दिसले. त्यांची हरकत रास्त आहे. आमचे शिक्षण कॉलेजात झाले नाही. जे झाले ते गावच्या वाचनालयात, युनियनच्या कचेरीत आणि गॅरेजांच्या बाकड्यांवर. पण ज्या वस्तूने शंभर-सव्वाशे वर्षे मोटारीचे इंजिन पेटविले, तिचा इतिहास हा माणसांचाच इतिहास आहे. आणि ती वस्तू गंजली म्हणजे दोष कोणावर येतो, हा प्रश्न तर आम्हां कामगारांच्या अगदी घरचा आहे.

प्रथम वस्तूची ओळख करून देऊ. आपल्यापैकी ज्यांनी बजाजची स्कूटर किंवा लूना वापरली आहे त्यांना प्लग ठाऊक आहे. गाडी सुरू होईना की ती एका बाजूस कलती करावयाची, तरीही न झाली तर प्लग काढून काचपेपरने घासावयाचा, पायजम्याला पुसून फुंकर मारावयाची, हा विधी महाराष्ट्राच्या निम्म्या घरांत झालेला आहे. त्या प्लगच्या टोकाशी अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची फट असते आणि तीतून ठिणगी उडावी लागते. हवा ही विजेची वाट अडविणारी गोष्ट. दाबलेल्या हवेतून ती फट ओलांडावयास हजारो व्होल्ट लागतात, आणि मोटारीच्या बॅटरीत असतात बारा. बारांचे हजारो करणारी जी वस्तू तीच कॉइल.

तिच्या पोटात लोखंडी पट्ट्यांचा गाभा असतो. त्याभोवती जाड तांब्याच्या तारेचे दोन-तीनशे वेढे आणि केसासारख्या बारीक तारेचे वीस-पंचवीस हजार वेढे असतात. जाड तारेतून प्रवाह सोडला की गाभ्यात चुंबकत्व भरते. तो प्रवाह एकदम तोडला की चुंबकत्व कोसळते, आणि ते कोसळताना बारीक तारेत पंधरा-वीस हजार व्होल्टचा झटका उठतो. वीज देताना ठिणगी पडत नाही, वीज तोडताना पडते, हे ध्यानी ठेवण्यासारखे आहे. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर अशा ठिणग्या मिनिटाला सहा हजार, म्हणजे सेकंदाला शंभर पडाव्या लागतात. त्यांतील काही चुकल्या की इंजिन अडखळते. आमच्याकडे त्याला गाडी ‘मिसिंग मारते’ असे म्हणतात, आणि शब्द इंग्रजीतून आला असला तरी तो आता आपलाच झाला आहे.

आता ही विद्या आली कोठून ते पाहू. १८३१ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडेने एका लोखंडी कड्यावर दोन तारा गुंडाळल्या आणि एकीतील प्रवाह चालू-बंद केल्याबरोबर दुसरीत क्षणभर प्रवाह उठतो हे दाखविले. फॅरडे लोहाराचा मुलगा. पुस्तके बांधणाऱ्या दुकानात उमेदवारी करताना, बांधावयास आलेली पुस्तके वाचून तो शिकला. त्याच्यानंतर पाच वर्षांनी, १८३६ मध्ये, आयर्लंडातील मेनूथ येथील निकोलस कॅलन नावाच्या धर्मोपदेशक प्राध्यापकाने जाड आणि बारीक तारांची पहिली खरी कॉइल केली. या कॅलनविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. लोखंडाला गंज चढू नये म्हणून शिसे आणि कथील यांच्या मिश्रणाचा लेप देण्याचे पेटंट त्याने १८५३ साली घेतले. म्हणजे कॉइलचा जनक तोच एका परीने तिच्या कल्हईवाल्याचाही जनक! आपल्याकडे कल्हईवाला पितळी पातेल्यास आतून कथील लावी ते ताक-आमटी कळकू नये म्हणून. विषय वेगळा, तरी धातूला हवापाण्यापासून झाकावयाचे ही युक्ती तीच.

कॅलनचे नाव मात्र मागे पडले आणि कीर्ती मिळाली हाइनरिख रूमकॉर्फ याला. हा जर्मनीतील हॅनोव्हरचा कारागीर. पोटासाठी पॅरिसला आला, उपकरणे करणाऱ्याच्या दुकानात राबला आणि पुढे स्वतःचे छोटे दुकान काढून १८५१ पासून कॉइली करू लागला. १८५३ साली फिझो या शास्त्रज्ञाने सुचविलेला कंडेन्सर तिला जोडला तेव्हा ठिणगी जोरकस झाली. पुढे पॉइंटाच्या गाड्यांत जो बोटाएवढा कंडेन्सर असे, त्याचे मूळ तेथे आहे. १८६४ साली फ्रान्सच्या बादशहाने ठेवलेले पन्नास हजार फ्रँकांचे व्होल्टा पारितोषिक रूमकॉर्फला मिळाले. एका कारखानदार कारागिराला विद्वानांच्या पंक्तीत बसवून दिलेले ते बक्षीस होते. पण पैसा त्याच्या हाती राहिला नाही. १८७७ साली तो वारला तेव्हा जवळजवळ निष्कांचन होता.

ही रूमकॉर्फची कॉइल इंजिनात प्रथम बसविली ती एत्येन लन्वार याने, १८६० साली. लन्वारही मूळचा बेल्जियममधील खेड्यातला. पॅरिसला येऊन तो हॉटेलात वेटर झाला, मग धातूंवर मिन्याचे काम करू लागला. त्याचे इंजिन दिव्याच्या गॅसवर चाले, ओरडे फार आणि गॅस खाई त्याहून फार. पण सिलिंडरच्या पोटात विजेची ठिणगी पाडून ते चाले, हे महत्त्वाचे. बुकबाइंडर, कारागीर, वेटर: कॉइलची वंशावळ ही अशी आहे. शाळेच्या पुस्तकांतून नेहमी सिद्धांत आधी आणि हात नंतर असा क्रम दिसतो. या एका वस्तूपुरता तरी तो क्रम आम्हांला पटत नाही.

आपल्या देशातही ही कॉइल एका थोर हातात पडली होती. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास कलकत्त्यात विद्युत्‌लहरींचे प्रयोग केले ते अशाच कॉइलच्या ठिणगीवर. ठिणगीच्या माऱ्याने धातूच्या गोळ्यांचा पृष्ठभाग खरबरीत होतो आणि मग ठिणगी बेभरवशाची होते, ही अडचण त्यांना भोवली, म्हणून त्यांनी प्लॅटिनम वापरले. प्लॅटिनमला गंज नाही. कॉइल आणि खराब झालेली धातू यांचे भांडण मोटारीपेक्षा जुने आहे, ते असे.

मोटारीत ठिणगी आणली कार्ल बेन्झने. त्याचे पेटंट २९ जानेवारी १८८६ चे. पण गाडी खरोखर चालते हे जगाला दाखविले ते त्याच्या बायकोने. १८८८ च्या ऑगस्टात बेर्था बेन्झ आपल्या दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न विचारता, मानहाइमहून फोर्झहाइमला शंभरावर किलोमीटर गाडी घेऊन गेली. वाटेत ठिणगीच्या तारेवरचे आवरण झिजून वीज गळू लागली तेव्हा तिने आपल्या मोज्याचा बंध गुंडाळून ती तार झाकली, असे सांगतात. ठिणगीच्या दोषाची रस्त्यावर केलेली ही पहिली प्रसिद्ध दुरुस्ती, आणि ती करणारी मेकॅनिक एक बाई होती.

बॅटरी त्या काळी लवकर उतरे. म्हणून स्टुटगार्टच्या रोबर्ट बॉशने मॅग्नेटोचा रस्ता धरला. मॅग्नेटो म्हणजे इंजिनाच्याच फेऱ्यांवर स्वतःची वीज करणारे यंत्र. आपली लूना त्याच जातीची होती. १९०२ साली बॉशच्या कारखान्यातील गोटलोब होनोल्ड याने उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला आणि बॉश जगभर गेला. येथे युनियनवाल्याच्या नात्याने एक नोंद केल्याशिवाय आम्हांला पुढे जाववत नाही. या बॉशने १९०६ साली आपल्या कारखान्यात आठ तासांचा दिवस लागू केला. त्याच साली आपल्या देशातील गिरण्यांत प्रौढ पुरुषाच्या कामाच्या तासांना कायद्याची मर्यादाच नव्हती. १९११ च्या कायद्याने ती आली, आणि तीही बारा तासांची. बॉशला काहीजण ‘लाल’ म्हणत. तरीही १९१३ साली त्याच्या कारखान्यात संप झालाच. शहाणा मालक हा मालकच असतो, परंतु शहाणा असणे आणि नसणे यांत फरक आहे, एवढे आम्ही अनुभवाने म्हणू.

महायुद्ध सुरू होताच इंग्लंडच्या ध्यानात आले की आपल्या मोटारींचे आणि विमानांचे जवळजवळ सगळे मॅग्नेटो शत्रूच्या देशातून येत होते. तेथे धावपळ करून कारखाने उभारावे लागले. अमेरिकेने निराळी वाट धरली. फोर्डच्या १९०८ च्या ‘टी’ मोटारीत लाकडी पेटीत चार कॉइली असत आणि थरथरत्या पट्टीने त्या गुणगुणत. पावसाळ्यात त्या पेटीचे लाकूड ओलावा पी आणि वीज लाकडातूनच पळ काढी. ओल आणि कॉइल यांचे वैर लोकांच्या घरोघर पोचले ते येथे. १९१० च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगने बॅटरी, एक कॉइल, पॉइंट आणि डिस्ट्रिब्युटर अशी मांडणी दिली. ती इतकी सोयीची निघाली की पुढची साठ-सत्तर वर्षे जगातील बहुतेक पेट्रोल गाड्या तिच्यावर चालल्या. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला निघालेली एस. टी.ची पहिली बेडफर्ड गाडीही त्या काळचीच. नंतर एस. टी. डिझेलकडे वळली. डिझेल इंजिनात हवा दाबूनच इतकी तापते की तेल आपोआप पेटते. तेथे ना प्लग, ना कॉइल. म्हणून बस आणि ट्रक यांच्या ड्रायव्हरांना हा आजार ठाऊक नसतो. टॅक्सीवाल्यांना असतो.

आता गंजाकडे वळू. आपला खानदेश उन्हाचा प्रदेश. येथे पत्रा मुंबईपेक्षा जास्त दिवस टिकतो, कारण खाऱ्या हवेचा मारा नाही. परंतु प्रताप मिलमध्ये ज्यांनी साच्यावर आयुष्य काढले त्या घरांतील मंडळींना ओल म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. सूत तुटू नये म्हणून गिरण्यांत हवा मुद्दाम दमट ठेवीत, आणि त्या दमटपणात सूत टिके, पण लोखंड कुजे आणि माणसाची छातीही. मोटारीच्या कॉइलवर गंज दोन ठिकाणी येतो. एक, जेथे बारा व्होल्टच्या तारा स्क्रूने किंवा टोपणाने जोडलेल्या असतात तेथे. दुसरे, जेथून हजारो व्होल्टची जाड तार निघते त्या मधल्या खोबणीत. तेथे तांब्यापितळेवर हिरवा कळंक चढतो, जुन्या तांब्याच्या घंगाळावर चढतो तसाच.

पहिल्या ठिकाणच्या गंजाचा हिशेब आपण तोंडी करू. जुन्या कॉइलच्या जाड तारेचा रोध सुमारे ३ ओहम असे. बारा व्होल्टांना त्यातून ४ अँपिअर प्रवाह जातो. सांध्यावर गंजाने फक्त १ ओहमची अडचण आणली तर एकूण रोध ४ झाला आणि प्रवाह उरला ३ अँपिअर. पाव प्रवाह गेला. पण गाभ्यात साठणारी शक्ती प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे असते, म्हणून ती १६ वरून ९ वर आली. सांध्यावर बोटाने खरवडता येईल एवढा गंज, आणि ठिणगीचे बळ जवळजवळ निम्म्याने कमी!

आता खरी मेख ऐका. हे निम्मे बळ सपाट रस्त्यावर पुरते. इंजिनावर भार नसताना सिलिंडरात दाब कमी असतो, तेव्हा सहा-सात हजार व्होल्टही फट ओलांडतात. पण चाळीसगावाहून कन्नडकडे औट्रम घाट चढावयास लागा, गाडीत माणसे भरलेली असू द्या, पाय पूर्ण दाबा. सिलिंडरातला दाब वाढतो आणि त्याच फटीला दुप्पट व्होल्ट लागतात. तेवढे तिच्यात नसतात. गाडी मिसिंग मारू लागते. घाट उतरून गॅरेजात आणावी तर मेकॅनिक ती उभी ठेवून सुरू करतो, इंजिन शिवणयंत्रासारखे गोड चालते, आणि तो ड्रायव्हरकडे पाहून म्हणतो, काही नाही हो, तुमचा भास आहे. दुसऱ्या ठिकाणच्या गंजाची तऱ्हा आणखी चमत्कारिक. तेथे हवेत ओल असली की वीज कळंकावरून आणि धुळीवरून वाट काढून बॉडीत पळते. ऊन पडले की वाट वाळते आणि दोष नाहीसा होतो. पावसात येणारा आणि उन्हात जाणारा हा आजार. कोर्टात उभा केला तर साक्षीदार मिळणार नाही असा.

आमच्या युनियनच्या कामात हा आजार एकदा प्रत्यक्ष समोर आला. आमच्याच भागातील एका मालकाकडे सहा-सात गाड्या होत्या; त्यांत मारुतीची एक पेट्रोल व्हॅन. नाव घेण्याचे कारण नाही. त्या व्हॅनवरचा ड्रायव्हर, आम्ही त्यांना आप्पा म्हणू, वीस वर्षे स्टिअरिंगवर असलेले गृहस्थ. श्रावणात गाडी लिटरला चौदाऐवजी दहा किलोमीटर देऊ लागली. आप्पांनी दोनदा सांगितले की गाडी ओढत नाही. मेकॅनिकने पाहिली, त्याला काही दिसले नाही. मालकाने निष्कर्ष काढला की आप्पा पेट्रोल विकतात. दोन महिने पगारातून पैसे कापले. आश्विनात पाऊस उघडला आणि गाडी पुन्हा चौदा देऊ लागली. यावर मालकाचा युक्तिवाद असा, की बघा, पैसे कापले तेव्हाच चोरी थांबली.

श्रोतेहो, या युक्तिवादात वरवर पाहता उणे काय आहे? शिक्षा झाली आणि गुन्हा थांबला. पण तेवढ्याच दिवसांत पाऊसही थांबला होता, ही गोष्ट कोणी हिशेबात धरली नव्हती. १९३६ च्या वेतनाच्या कायद्यात नुकसानीबद्दल पगार कापण्याआधी कामगाराला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे अशी तरतूद होती, ती आम्ही मालकासमोर ठेवली. तरी कायद्याने पैसे परत मिळाले असते, चोरीचा डाग गेला नसता. आप्पांना पैशाहून डाग मोठा होता. मुलीचे लग्न ठरत होते, आणि आपल्याकडे गाव लहान असते. तेव्हा आमच्यातल्याच एका जुन्या मिस्त्रींनी तोड काढली. रात्री अंधारात मालकाला, त्याच्या मेकॅनिकला आणि आप्पांना गॅरेजात उभे केले. इंजिन सुरू केले, ते छान चालत होते. मग इस्त्रीवाल्याकडून आणलेल्या फवाऱ्याने कॉइलच्या डोक्यावर बारीक तुषार मारले. त्याबरोबर अंधारात निळसर धाग्यासारखी वीज कॉइलच्या डोक्यावरून बॉडीकडे सरसर धावू लागली, टिकटिक आवाज आला आणि इंजिन अडखळले. मिस्त्रींनी फडक्याने पुसले, थोडा वेळ जाऊ दिला. धागा नाहीसा, इंजिन पूर्ववत. तार उपटून दाखविली तेव्हा खोबणीत हिरवा कळंक भरलेला होता. मालक बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, “आप्पा, सकाळी कचेरीत या.” कापलेले पैसे परत मिळाले. माफी तोंडाने मागितली गेली नाही, पण पुढच्या खेपेस सुरतेची लांबची वर्दी त्यांनी आप्पांनाच दिली, आणि ते आप्पांना पुरले.

ज्या पेट्रोलचा धूर झाला ते गेले कोठे असे त्या मेकॅनिकने विचारले होते. प्रश्न योग्य होता. ठिणगी चुकली की सिलिंडरात आलेले पेट्रोल न जळता नळीवाटे बाहेर पडते आणि तेवढी ओढ भरून काढण्यासाठी ड्रायव्हर पाय जास्त दाबतो. चोर होता तो सायलेन्सरच्या नळीत.

हा आजार गरिबांच्या व्हॅनपुरता आहे असे मात्र कोणी समजू नये. शर्यतीच्या आणि शौकाच्या गाड्यांना तो अधिकच छळतो, कारण त्यांची इंजिने जास्त दाबाने आणि जास्त वेगाने चालतात, आणि ठिणगीला उसंत मिळत नाही. १९४७ साली इटलीत चिसितालिया २०२ नावाची एक देखणी स्पोर्ट्‌स कार निघाली. तिचे रूप इतके वाखाणले गेले की न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने १९५१ च्या प्रदर्शनात ती मांडली आणि पुढे आपल्या संग्रहात घेतली. त्या राजकन्येच्या पोटात इंजिन होते फियाट ११०० चे, १०८९ घनसेंटिमीटरचे. आणि त्याच घराण्यातले, त्याच मापाचे इंजिन कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात होऊन आपल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत बसले! वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेला हा कारखाना. १९७४ पासून त्याची फियाट ‘पद्मिनी’ झाली. याच कारखान्याच्या कामगार लढ्यांशी डॉ. दत्ता सामंत यांचे नाव जोडलेले आहे. ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावर नाही. तोवर खाऱ्या हवेत, जुलैच्या पाण्यात, हिंदमाताच्या तुंबलेल्या रस्त्यात हजारो टॅक्सीवाले ओल्या कॉइलवर फडके फिरवीत उभे राहिले. संग्रहालयातल्या बहिणीला फडक्याची गरज पडली नसेल.

इंग्लंडच्या एम. जी. वगैरे स्पोर्ट्‌स गाड्यांत विजेचे सामान बहुधा लुकसचे असे. पावसात त्या गाड्या अडून बसत, म्हणून लुकसला ‘अंधाराचा राजपुत्र’ अशी थट्टेची पदवी मिळाली. थट्टेत तथ्य होते आणि अन्यायही होता. उघड्या टपाच्या गाडीत इंजिनापर्यंत पाणी जाऊ देणारा आराखडा लुकसच्या कामगाराने काढलेला नव्हता. याच लुकस समूहाच्या विमानसामग्रीच्या कारखान्यांत कपात येऊ लागली तेव्हा तेथल्या कामगार प्रतिनिधींनी १९७६ च्या जानेवारीत एक योजना मालकांपुढे ठेवली. शस्त्रांच्या सामानाऐवजी आम्ही समाजाला उपयोगी अशा सुमारे दीडशे वस्तू करू शकतो, असे त्यांनी आराखड्यांसह दाखविले. मूत्रपिंडाच्या रुग्णांची यंत्रे, उष्णतेचे पंप, आणि पेट्रोल-वीज अशा दुहेरी बळावर चालणारी मोटारही तीत होती. मालकांनी ती नाकारली. पुढाकार घेणाऱ्या माइक कूली यांना १९८१ साली नोकरीवरून काढले, आणि त्याच साली त्यांना राइट लाइव्हलिहूड पारितोषिक मिळाले. दुहेरी बळावरच्या मोटारी आज आपल्या रस्त्यावर आहेत. आमच्या तरुण कार्यकर्त्यांनी ही योजना अवश्य वाचावी. आपल्या देशात १९६१ पासून मद्रासजवळ पाडी येथे लुकस-टीव्हीएसचा कारखाना विजेचे सामान करू लागला.

अमेरिकेच्या कोर्व्हेट गाडीचे अंग १९५३ पासून काचतंतूचे. त्यातून वीज वाहत नाही आणि ठिणगीचा खरखराट अडतही नाही. रेडिओ ऐकू यावा म्हणून त्या गाडीच्या ठिणगीच्या सामानावर धातूचे झाकण बसवावे लागले. झाकण बसले म्हणजे आत ओलही कोंडते, हे निराळे सांगावयास नको.

पॉइंट गेले, डिस्ट्रिब्युटर गेला, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस प्रत्येक प्लगच्या डोक्यावर त्याची स्वतःची छोटी कॉइल बसू लागली. आता तरी गंजाची कटकट सुटावी अशी अपेक्षा होती. १९९६ साली आलेली पोर्शची बॉक्सटर आणि पुढल्या वर्षीची नवी ९११ या गाड्या पाहा. त्यांचे सहा सिलिंडर आडवे, तीन या बाजूस आणि तीन त्या. त्यामुळे कॉइली इंजिनाच्या दोन्ही कुशींना, खाली, धुराच्या तापलेल्या नळ्यांच्या शेजारी येतात. उन्हाने तापावे आणि पावसाने निवावे तसे त्यांचे प्लास्टिकचे कवच तापते, निवते, आणि काही वर्षांनी त्याला केसाएवढी चीर पडते. चाकांनी उडविलेले किंवा गाडी धुताना मारलेले पाणी तीत शिरते. आतले लोखंड गंजते. गंज हा लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. आपल्या जुन्या स्लॅबमधील सळई गंजली की खालून खपली पडते ती याच कारणाने. चीर रुंदावते, वीज बाहेर पळते, आणि लाखो रुपयांची गाडी ओल्या सकाळी व्हॅनसारखीच मिसिंग मारते. या गाड्या बाळगणाऱ्यांत हा दोष जगजाहीर आहे. न जळलेले पेट्रोल धुराच्या नळीतील शुद्धीकरणाच्या भांड्यात जाऊन तेथे पेटते आणि तेही महागाचे भांडे जळते, हा नव्या काळाचा भुर्दंड.

आता गाडीत संगणक आहे. तो प्रत्येक ठिणगीनंतर इंजिनाची गती किती वाढली ते मोजतो आणि तिसरा सिलिंडर चुकतो आहे असे दाखवितो. मालकाला ते पडद्यावर दिसते, तेव्हा ड्रायव्हरला भास झाला असे कोणी म्हणत नाही. हा मोठा बदल आम्ही मानतो. पण का चुकतो, हे तो यंत्रगडी सांगत नाही. प्लगही असेल, पेट्रोल सोडणारी तोटीही असेल, कॉइलही असेल. गावातल्या गॅरेजमधली पोरे मग तिसऱ्या सिलिंडरची कॉइल काढून दुसऱ्यावर ठेवतात आणि दुसऱ्याची तिसऱ्यावर. गाडी सुरू करून वाट पाहतात. दोष कॉइलबरोबर दुसऱ्याकडे गेला तर कॉइल टाकून द्यावयाची. तेथेच राहिला तर कॉइल निर्दोष, आणि शोध पुढे चालू. या कामाला एक पाना आणि फार तर दहा मिनिटे लागतात.